शेंगदाणा, गूळ आणि कागद : लोणावळ्याच्या चिक्कीवरून अन्नव्यवहाराकडे पाहताना

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं, की हे नेटफ्लिक्सवरच्या ‘रॉटन’ मालिकेबद्दल आहे का? सुरुवात तिच्यापासूनच करू, पण तिथं फार वेळ थांबणार नाही. जानेवारी २०१८ मध्ये या मालिकेचा पहिला हंगाम आला, ऑक्टोबर २०१९ मध्ये दुसरा. प्रत्येक भागात एक पदार्थ घेतलाय. मध, शेंगदाणा, लसूण, कोंबडी, दूध, मासे. पुढे अ‍ॅव्होकॅडो, वाइन, बाटलीतलं पाणी, साखर, चॉकलेट. चिनी मधावर तिसऱ्याच देशाचं लेबल लावून तो अमेरिकेत कसा उतरवला गेला आणि आयातशुल्क कसं चुकवलं गेलं, हे मधाच्या भागात फार चांगलं उलगडलंय. मालिका जरूर बघा. पण आम्हाला ती बघताना एक गोष्ट सारखी टोचत होती. सगळं इतकं लांब घडतं, की आपण दोन घटका हळहळतो, ‘काय जग आहे’ म्हणतो आणि पुढचा भाग लावतो.

म्हणून आज आपण घाटमाथ्यावरचा पदार्थ घेऊ. ज्यात लपवायला फारसं काही नाही असा: चिक्की. शेंगदाणा आणि गूळ. फार तर थोडं तूप, वेलदोडा. एवढ्या साध्या पदार्थाभोवती गेल्या दीडशे वर्षांत जे काही घडलंय, त्यातून अन्नाच्या धंद्यातला भ्रष्टाचार म्हणजे नक्की काय हे नीट दिसतं. ‘भ्रष्टाचार’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भेसळ येते, दुधात पाणी येतं. आमचं म्हणणं जरा वेगळं आहे. खाणाऱ्याचा विश्वास ज्या गोष्टीवर टेकलेला असतो, लबाडी नेमकी तिथं जाऊन बसते. ती जागा काळानुसार बदलत गेली आहे, आणि आज ती कढईत कमी, कागदात जास्त आहे.

आता थोडं मागे जाऊ. पुणे ते खंडाळा रेल्वे १८५८ मध्ये सुरू झाली. मुंबईकडून रूळ घाटाच्या पायथ्यापर्यंत आलेले होते. मधला बोरघाट फोडायला १८५६ पासून सुरुवात झाली होती आणि तो पुरा झाला १८६३ मध्ये. तोवर प्रवासी घाट चढायचे ते पालखीतून, तट्टावरून किंवा पायी. कामाच्या ऐन भरात या घाटात चाळीस हजारांवर मजूर होते. ही माणसं कोण होती, काय खात होती, याच्या नोंदी इंजिनिअरांच्या नोंदींइतक्या टापटिपीने कुणी ठेवल्या नाहीत. लोणावळ्यात चिक्कीवाल्या घराण्यांकडून सांगितली जाणारी कथा अशी, की रेल्वेच्या या कामाच्या काळात मजुरांना गूळ-शेंगदाण्याची ‘गुडदाणी’ विकली जायची. स्वस्त, खिशात राहणारी, पोटाला आधार देणारी. तिचीच पुढे चिक्की झाली, आणि रेल्वेने ती मुंबईच्या प्रवाशांपर्यंत नेली. ही कथा घरोघरची आहे, ती तशीच घ्यावी. पण पदार्थाकडे पाहिलं तर ती पटते. अंगमेहनत करणाऱ्याला लागतं ते सगळं त्यात आहे: साखर, तेल, प्रथिनं, आणि पावसातसुद्धा चार दिवस टिकण्याची ताकद.

याच घाटातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, तिचा संबंध पुढे येणार आहे. घाटाचं काम रेल्वे कंपनी स्वतः करत नव्हती. ते कंत्राटावर होतं. वर विल्यम फॅव्हिएल नावाचा इंग्रज कंत्राटदार, त्याच्या हाताखाली उपकंत्राटदार, त्यांच्या खाली मुकादम, आणि सगळ्यांत खाली पाटी वाहणारा मजूर. जानेवारी १८५९ मध्ये मजुरीवरून इथं दंगा उसळला. त्याच वर्षी फॅव्हिएलने काम सोडलं. पुढे सॉलोमन ट्रेडवेल आला, तो आल्या आल्या वारला, आणि त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, ते कंत्राट पुरं करून घेतलं. या बाईंवर खरं तर एक वेगळं व्याख्यान व्हायला हवं. आपल्याला आत्ता हवी आहे ती उतरंड. वरून निघालेला पैसा आणि खाली पोचणारा पैसा यांच्यामध्ये किती हात असतात, हे या डोंगराने फार लवकर पाहिलेलं आहे.

रेल्वे आली आणि खाण्याच्या व्यवहारात एक मोठा फरक पडला. मजुराला गुडदाणी विकणारा माणूस रोज त्याच मजुरासमोर बसत होता. दाणा खवट निघाला तर दुसऱ्या दिवशी शिव्या खायला तोच. गाडीतल्या प्रवाशाचं तसं नव्हतं. तो पाच मिनिटं थांबणार, पुडा घेणार आणि दादरला जाऊन उघडणार. मग तो विश्वास कशावर ठेवणार? नावावर. लोणावळ्याच्या बाजारपेठेत आजही फेरी मारा. एकाच नावाला ‘ओरिजिनल’, ‘जुने’, ‘सुप्रसिद्ध’ अशी विशेषणं चिकटवलेल्या पाट्या ओळीने दिसतील. आणि ‘आमची कुठेही शाखा नाही’ हे वाक्य. पुणेकरांच्या तिरकसपणाचा नमुना म्हणून आपण त्याला हसतो. पण ते लिहिणाऱ्याच्या बाजूने बघा. माझं नाव दुसरं कुणी वापरतंय आणि मी ते थांबवू शकत नाही, असं सांगणारी ती तक्रार आहे.

नावाचा हा खेळ मावळच्या शेतापर्यंत पोचलेला आहे. इथला मूळ सुवासिक तांदूळ आंबेमोहोर. उत्पन्न कमी, कणसं वाऱ्यापावसात लोळतात, त्यामुळे शेतकऱ्याला परवडेना. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून इंद्रायणी तयार झाला. तो १९८७ मध्ये प्रसारित झाला आणि मावळ त्याच्यावर उभा राहिला. आता बाजारात काय होतं? आंध्रचा जिरासंकाला आणि मध्य प्रदेशातला जवाफूल हे दिसायला सारखे तांदूळ ‘आंबेमोहोर’ म्हणून विकले जातात. त्यात विषारी काहीच नाही. खाणाऱ्याच्या पोटाला इजा होत नाही. पण नावाची जादा किंमत ज्याने द्यायची तो देतो, आणि ज्याला मिळायची त्या मुळशी-मावळच्या शेतकऱ्याला ती मिळत नाही. भेसळीच्या कायद्याला असली चोरी पकडताना नेहमीच अडचण आली आहे, कारण मालात दोष नसतो. म्हणून मग भौगोलिक निर्देशांकासारखी वेगळी व्यवस्था उभी करावी लागली.

आता कायद्याकडे. हा भाग कोरडा आहे, पण त्यात एक फार सुरेख किस्सा आहे.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत खाण्यापिण्याच्या वस्तूत अपायकारक भेसळ करणं हा गुन्हा होता. मुंबई प्रांताने १९२५ मध्ये स्वतःचा भेसळ प्रतिबंधक कायदा केला. स्वातंत्र्यानंतर १९५४ चा केंद्रीय कायदा आला, तो जून १९५५ पासून लागू झाला. त्या काळातलं सगळ्यांत मोठं भांडण होतं वनस्पती तुपाचं. पांढरं, दाणेदार, स्वस्त, आणि शुद्ध तुपात मिसळलं तर ओळखू न येणारं. बंदी घाला अशी जोरदार मागणी होती, ती मान्य झाली नाही. त्याऐवजी सरकारने एक युक्ती काढली. वनस्पती तुपात पाच टक्के तिळाचं तेल घालणं कारखानदारांवर बंधनकारक केलं. कशासाठी? तर तिळाचं तेल एका सोप्या रासायनिक चाचणीत गुलाबी-लाल रंग देतं, बॉडुआँ चाचणी म्हणतात तिला. शुद्ध तुपाच्या नमुन्यात हा रंग उमटला, की समजायचं यात वनस्पती आहे. म्हणजे नकली वस्तूच्या आतच तिची खूण पेरून ठेवली. आम्हाला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो, कारण तो कुणाच्या शब्दावर किंवा सहीवर अवलंबून नव्हता. जिल्ह्याच्या साध्या प्रयोगशाळेत, एका परीक्षानळीत निकाल लागत होता.

नंतरचा प्रवास उलट्या दिशेने झाला. पदार्थ वाढले, कारखाने वाढले, प्रत्येक गोष्टीत अशी खूण पेरणं शक्य नव्हतं. २००६ चा अन्नसुरक्षा व मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आला. (त्याच आठवड्यात, ९ ऑगस्टला, पवना बंदिस्त जलवाहिनीच्या विरोधातल्या आंदोलनावर बऊरजवळ द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला आणि तीन शेतकरी गेले. मावळात त्या आठवड्यात नव्या कायद्याकडे कुणाचं लक्ष जाणं शक्य नव्हतं.) या कायद्याने विचारच बदलला. निरीक्षकाने दुकानात येऊन चोर पकडण्यापेक्षा उत्पादकाने स्वतःच माल तपासावा, नोंद ठेवावी आणि मागितली की दाखवावी. परवान्याच्या अटींत आहे, की उत्पादकाने निदान सहा महिन्यांतून एकदा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून रासायनिक आणि जंतूंविषयीची तपासणी करून घ्यावी.

इथं लोणावळा परत येतं. डिसेंबर २०१८ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने मगनलाल चिक्कीच्या उत्पादकाला उत्पादन आणि विक्री थांबवण्याचा आदेश दिला. राज्यभर बातम्या झाल्या. व्हॉट्सअ‍ॅपवर तर ‘चिक्कीत विष’ इथपर्यंत मजल गेली. प्रत्यक्षात आदेशाचं कारण होतं ते तपासणीचं. माल माणसाने खाण्याजोगा आहे की नाही हे ठरवणारी प्रयोगशाळेची तपासणी कायद्याप्रमाणे झालेली नाही, ती पूर्तता करा आणि मग सुरू करा. म्हणजे दोष चिक्कीत सापडला म्हणून नव्हे, चिक्कीच्या कागदात सापडला म्हणून काम थांबलं.

तेव्हा अनेक लोणावळेकरांची प्रतिक्रिया होती, की काय हा जाच! पिढ्यान्‌पिढ्या लोक खातायत, कुणाला काय झालं? ही प्रतिक्रिया समजण्यासारखी आहे. पण शेंगदाण्याच्या बाबतीत ती पुरत नाही, आणि याचं कारण नीट समजून घेतलं पाहिजे.

लोणावळ्याच्या पावसात शेंगदाणा पिकत नाही. मावळ हा भाताचा मुलूख. दाणा येतो कोरडवाहू भागातून, बराचसा बाहेरच्या राज्यांतून. काढणीच्या वेळी पाऊस लागला, पोतं ओलसर गोदामात राहिलं, की दाण्यावर एक बुरशी धरते, अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस. ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. हे विष यकृताला मारतं, आणि भाजून पूर्णपणे जात नाही. चवीवरून खात्रीने ओळखताही येत नाही. जगाला ते कळलं १९६० मध्ये, इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी पटापट मेले तेव्हा. शोध घेता घेता लोक पोचले ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत. आपल्याकडे १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत बुरशी लागलेला मका खाऊन कावीळ पसरली आणि शंभरावर माणसं मेली. अवकाळी पावसाने भिजलेला मका त्यांच्याकडे होता, दुसरं खायला नव्हतं. तेव्हा ‘कुणाला काय झालं’ या प्रश्नाचं उत्तर असं आहे, की झालं तर ते वीस वर्षांनी होतं, आणि चिक्कीकडे बोट दाखवायला कुणी शिल्लक नसतं. प्रयोगशाळेचा तो कागद म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या गोष्टीचा एकमेव साक्षीदार.

गुळाचंही तसंच, फक्त उलट्या कारणाने. तिथं डोळ्याला जे दिसतं तेच फसवतं. चांगला गूळ तपकिरी असतो. गुऱ्हाळात काहिलीतल्या रसावरची मळी काढायला पूर्वी भेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरत, आजही काही ठिकाणी वापरतात. पण गिऱ्हाईकाला हवा पिवळाधमक गूळ. मग रसात ‘हायड्रोस’, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, पडू लागलं. साखर स्वस्त झाली की ती वितळवून गुळात घालायची, हाही कोल्हापूर-साताऱ्याकडचा जुना रोग. यात गुऱ्हाळवाल्यालाच एकट्याला चोर ठरवणं आम्हाला मान्य नाही. तपकिरी ढेपेला बाजार समितीत भाव कमी देणारे आपणच आहोत.

तर कागद महत्त्वाचा. पण कागदच खोटा असला तर?

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या ब्लेकली या छोट्या गावात ‘पीनट कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका’ या कंपनीचा कारखाना होता. दाणे भाजायचे, त्यांचं बटर आणि पेस्ट करायची, आणि ती मोठमोठ्या बिस्किट-कंपन्यांना पुरवायची. २००८ च्या अखेरीस सॅल्मोनेलाची साथ सुरू झाली. ७१४ जण आजारी पडल्याची नोंद झाली, ९ माणसं दगावली. हजारो प्रकारचे खाद्यपदार्थ बाजारातून परत मागवावे लागले, कारण ही पेस्ट कुठल्या कुठल्या पदार्थात गेली होती याचा हिशेब लावता लावता नाकी नऊ आले. तपासात निघालं ते असं: गिऱ्हाईक-कंपन्या प्रत्येक मालासोबत प्रयोगशाळेचा दाखला मागत. हा दाखला कधी आधीच्या मालाचा लावला जाई, कधी निकाल यायच्या आतच माल रवाना होई, कधी जंतू सापडल्याचा निकाल हातात असूनही माल जाई. आणि गंमत पाहा, ही गंमत म्हणवत नाही खरं तर, साथीच्याच वर्षी बाहेरच्या एका तपासणी संस्थेने या कारखान्याला उत्कृष्ट शेरा दिलेला होता. त्या तपासणीचे पैसे कारखानाच देत होता. सप्टेंबर २०१५ मध्ये मालक स्ट्युअर्ट पार्नेलला २८ वर्षांची शिक्षा झाली. दर्जा नियंत्रण सांभाळणाऱ्या बाईही तुरुंगात गेल्या.

आपल्याकडे मधाच्या बाबतीत याहून पुढची पायरी दिसली. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ने डिसेंबर २०२० मध्ये १३ ब्रँडच्या मधाची तपासणी जाहीर केली. भारतीय चाचण्यांत बहुतेक ब्रँड पास झाले होते. जर्मनीत प्रगत चाचणी केली तेव्हा सगळ्या कसोट्यांवर उतरले फक्त ३. कंपन्यांनी आरोप नाकारले. संस्थेचं म्हणणं असं होतं, की भारतीय चाचण्या चुकवता येतील असा साखरेचा पाकच मुद्दाम बनवून विकला जातो. वनस्पती तुपाचा किस्सा आठवा. तिथं नकलीच्या आत खूण घातली होती. इथं खूण कुठं शोधली जाणार आहे हे आधी पाहून नकली माल तयार होतो.

आतापर्यंत आपण विकत घेणाऱ्यांबद्दल बोललो. लोणावळ्याला आलेला पर्यटक एका दुकानात फसला तर दुसऱ्या वेळी शेजारच्या दुकानात जाईल. फार तर चिक्की खाणं सोडेल. ज्याला दुकान निवडताच येत नाही, त्याचं काय? अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळातल्या ठाकर आणि कातकरी वाड्यांवरच्या अंगणवाड्या घ्या. तिथल्या मुलापुढे जे येतं ते खायचं, नाहीतर उपाशी राहायचं. आणि या मुलाच्या ताटाभोवती राज्यातल्या सगळ्यांत मोठ्या अन्नकंत्राटांचा इतिहास उभा आहे.

एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. अंगणवाडीतला आहार तिचाच भाग. २००१ मध्ये ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ने सर्वोच्च न्यायालयात अन्नाच्या हक्काचा खटला दाखल केला, आणि त्या खटल्यात ७ ऑक्टोबर २००४ रोजी न्यायालयाने एक आदेश दिला: अंगणवाडीच्या आहारासाठी कंत्राटदार नेमायचे नाहीत, हे काम शक्यतो गावातल्या लोकांना, बचत गटांना, महिला मंडळांना द्यायचं. आदेश इतका साधा आणि इतका योग्य होता, की त्यातून पळवाट निघेल असं वाटत नव्हतं.

निघाली. कंत्राटदार नको, महिला मंडळ हवं? मग महिला मंडळ हजर. महाराष्ट्रात घरी नेण्याच्या पाकीटबंद आहाराची मोठी कामं काही महिला संस्थांकडे गेली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या अन्न आयुक्तांच्या यंत्रणेने २०१२ मध्ये जो अहवाल दिला, त्याचा निष्कर्ष असा, की या मंडळांच्या आड प्रत्यक्ष उत्पादन खाजगी कंपन्या करत होत्या आणि कंपन्यांचे व मंडळांचे धागे एकाच घरात जुळत होते. लोणावळ्यात दुसऱ्याची पाटी लावली जाते, इथं ‘गरीब बायकांचा गट’ हीच पाटी लावली गेली. दरम्यान ही पाकिटं मुलं खात नाहीत, लोक ती जनावरांपुढे टाकतात, अशा बातम्या जिल्ह्याजिल्ह्यांतून वर्षानुवर्षं येत राहिल्या. पुढे काही छोटे बचत गटच न्यायालयात गेले. निविदेच्या अटी अशा घातल्यात, की आमच्यासारख्यांनी आत यायचंच नाही, असं त्यांचं म्हणणं. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ६,३०० कोटी रुपयांची ही कंत्राटं रद्द केली आणि नव्याने निविदा काढायला सांगितलं. १८५९ च्या घाटातली उतरंड आठवतेय ना? २००४ चा आदेश ती मोडण्यासाठीच होता. उतरंड मोडली नाही, तिने साडी नेसली.

आणि या सगळ्याच्या मधोमध, २०१५ मध्ये, आपली चिक्की. हा ‘चिक्की घोटाळा’ म्हणून गाजला, म्हणून काळजीपूर्वक सांगतो. एक गोष्ट आधी स्पष्ट करू: याचा लोणावळ्याच्या चिक्कीवाल्यांशी काहीही संबंध नाही, पदार्थाचं नाव तेवढं एक. १३ फेब्रुवारी २०१५ या एका दिवसात महिला व बालविकास खात्याने खरेदीचे २४ शासन निर्णय काढले. एकूण रक्कम २०६ कोटी. त्यात अंगणवाडीच्या मुलांसाठी चिक्की होती, चटया होत्या, पुस्तकं होती, पाणी शुद्ध करायची यंत्रं होती. तीन लाखांवरच्या खरेदीला ई-निविदा हवी असा नियम असताना दरकराराने खरेदी झाली, हा आक्षेप. चिक्कीचं काम मिळालं सिंधुदुर्गातल्या एका महिला सहकारी संस्थेला. अहमदनगर जिल्हा परिषदेकडून तक्रार आली, की चिक्कीत माती निघतेय. तेव्हाच्या मंत्री पंकजा मुंडे यांनी आरोप फेटाळले. दरकराराची पद्धत आधीच्या सरकारपासूनची आहे आणि वर्षअखेर निधी परत गेला असता, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रकरण लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे गेलं, उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. २०१६ मध्ये लाचलुचपत विभागाने मंत्र्यांना निर्दोष ठरवलं.

कुणी पैसे खाल्ले की नाही यावर आम्ही इथं निवाडा देणार नाही, तो आमचा अधिकार नाही. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आमचं लक्ष दुसरीकडे जातं. चोवीस निर्णय एका दिवसात निघू शकतात, आणि चिक्कीत माती आहे का हे बघायला मात्र एका जिल्हा परिषदेला पत्र लिहावं लागतं! लोणावळ्यात खाजगी उत्पादकाचं काम तपासणीच्या कागदासाठी बंद पडलं, ते बरोबरच झालं. सरकारी खरेदीत कागदांचा ढीग होता, निर्णय होते, दरकरार होते, सह्या होत्या. पण त्या ढिगातला एकही कागद अंगणवाडी सेविकेच्या हातात नव्हता. पुडा फोडून मुलांना देणारी बाई तीच होती. दाताखाली कचकन काही आलं तर पहिल्यांदा तिलाच कळणार होतं.

तालुक्याच्या गावी अशा विषयावर बोललं की शेवटी एक प्रश्न हमखास येतो: मग आम्ही काय बघायचं? बघण्यासारखं आहे. पाकिटावर परवान्याचा चौदा आकडी क्रमांक असतो. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर लहान उत्पादकाची नुसती नोंदणी. राज्याकडून मिळालेल्या परवान्यात पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे १५. त्यापुढचे दोन, परवाना कुठल्या वर्षी निघाला ते. पाटीवर ‘सन अमुकपासून’ काहीही लिहिलेलं असो, हा क्रमांक सरकारी संकेतस्थळावर टाकून उत्पादक कोण ते पाहता येतं.

दुसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. २००६ च्या कायद्याचं कलम ४० सांगतं, की खरेदीदार स्वतः शुल्क भरून अन्नविश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो, आणि माल कायद्याप्रमाणे नाही असं निघालं तर शुल्क परत मिळतं. तरतूद चांगली आहे, वापरा. फक्त त्यातला शब्द ‘खरेदीदार’ असा आहे. अंगणवाडीचं पाकीट घरी नेणाऱ्या आईने ते विकत घेतलेलं नसतं. तिला जावं लागतं २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याकडे: जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, त्यावर राज्य अन्न आयोग. अंदर मावळातल्या एखाद्या वाडीवरून पुण्यातल्या त्या अधिकाऱ्यापर्यंत जायचं तर आधी एसटी, मग लोकल, आणि एक दिवसाची मजुरी.

आता प्रश्न असतील तर घेऊ.